पूजा नागाची, घाव दिवडावर

आज श्रावण शुद्ध पंचमी. चंदनाने नाग रेखाटून घरोघर लाह्या-दुधाचा नैवेद्य दाखविला जाईल. शेतकरी आज नांगर धरीत नाही, गृहिणी विळीस हात लावीत नाही. परंतु ह्याच दिवसांत गोदाकाठी वा इगतपुरीकडील भाताच्या खाचरांत 'नाग, नाग' म्हणून जो ठेचला जातो, तो पुष्कळदा नाग नसतोच; तो असतो बिचारा दिवड.

दिवड अथवा विरोळा हा गोड्या पाण्यातील बिनविषारी साप. पिवळसर अंगावर काळ्या चौकटी, जणू सोंगट्यांचा पटच. डोळ्याखाली दोन तिरप्या काळ्या रेघा. अन्न मासे आणि बेडूक. श्नायडर ह्या जर्मन शास्त्रज्ञाने १७९९ मध्ये त्यास जे लॅटिन नाव दिले, त्याचा अर्थही 'मासे धरणारा' असाच आहे. मादी बहुधा ३० ते ७० अंडी घालते आणि त्यांची राखणही करते.

त्याचा घात करते ती त्याचीच युक्ती. कोंडीत सापडताच तो पुढचे अंग उचलतो, मान चपटी करतो, फूत्कारतो. पाहणाऱ्यास फणाच भासतो आणि काठी पडते! चावतोही कडकडून, रक्त येते, विष मात्र नसते. तथापि खात्री करून घेण्यास जवळ जाणे शहाणपणाचे नव्हे. दुरूनच सर्पमित्रास बोलवावे. कोणताही साप चावल्यास रुग्णालय गाठावे.

आणि दुधाची वाटी? ती दिवडास नको, नागासही नको. दूध हे सापाचे अन्नच नव्हे.