तिकीट बँडनेच विकावे
छोट्या बँडने आपल्या कार्यक्रमाची तिकिटे स्वतः विकावीत, यामागे मुख्य कारण हिशेबाचे आहे. १ जानेवारी २०२० पासून यूपीआयने पैसे घेणाऱ्या व्यापाऱ्याला एमडीआर, म्हणजे व्यवहारामागे कापले जाणारे शुल्क, भरावे लागत नाही. त्यामुळे दीडशे खुर्च्यांच्या सभागृहाची विक्री क्यूआर कोड आणि नावांच्या वहीवर भागते. संगीताच्या कार्यक्रमाचे तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल, तर त्यावर जीएसटीही नाही. बुकिंगच्या ॲपमुळे अनोळखी श्रोते मिळतात, हा आक्षेप मोठ्या नावांपुरता खरा. नवख्या बँडचे पहिले श्रोते बहुधा ओळखीतूनच येतात, आणि त्यांचे फोन नंबर बँडकडेच राहिले तर पुढच्या कार्यक्रमाची निम्मी जाहिरात तिथेच झाली. मित्रांकडे पैसे मागण्याचा संकोच हा मात्र खरा अडथळा आहे (फुकट पासांची आपली जुनी खोड नाटकवाल्यांना विचारा!). म्हणून आगाऊ तिकीट स्वस्त, दारावरचे महाग आणि पास कुणालाच नाही, हे आधीच जाहीर केलेले बरे. दुसऱ्यांची गाणी वाजवणार असाल, तर सादरीकरणाचा परवाना सभागृहाकडे आहे का ते विचारा. नसेल तर गीतकार-संगीतकारांच्या हक्कांचे परवाने देणाऱ्या आयपीआरएस या संस्थेकडे चौकशी करा आणि परवान्याचे शुल्क तिकिटाचा दर ठरवतानाच धरा.