विवाहाचा खर्च आणि कर्जाचे ओझे

पुनरुत्थानाचा सण आटोपला की आपल्या धर्मप्रांतातील चर्चमध्ये रविवारच्या मिस्साच्या वेळी विवाहांच्या घोषणा ऐकू येऊ लागतात. प्रायश्चित्तकाळात विवाह टाळण्याची आपली परंपरा असल्याने त्यानंतरच्या काही आठवड्यांत लग्नांची एकच गर्दी होते. घोषणेत वधूवरांची नावे असतात, त्यांच्या धर्मग्रामांची नावे असतात. त्या घराने लग्नासाठी किती कर्ज काढले आणि ते कोणाकडून काढले, हे मात्र सहसा कोणालाच ठाऊक नसते. मुलगी सासरी जाते आणि कर्ज माहेरी मुक्कामाला राहते. या विषयावर आपण लाज न बाळगता बोलले पाहिजे.

कर्ज का मिळत नाही?

आपल्या धर्मप्रांतातील अनेक कुटुंबे शेतीवर, शेतमजुरीवर किंवा नाशिकच्या सातपूर-अंबडसारख्या औद्योगिक वसाहतींतील कंत्राटी कामावर जगतात. बँक वैयक्तिक कर्ज देताना पगाराची स्लिप, आयकर विवरणपत्र, जामीनदार आणि पूर्वीच्या कर्जफेडीची नोंद पाहते. मजुराकडे यांतले काहीच नसते. शेतकऱ्याला मिळणारे पीककर्ज पिकासाठी असते. किसान क्रेडिट कार्डाच्या मर्यादेत घरखर्चासाठी दहा टक्क्यांची तरतूद धरलेली असते. परंतु मागील कर्ज थकले असेल तर तोही मार्ग बंद होतो. त्यातच २०१६च्या नोटबंदीनंतर नाशिक जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक गंभीर आर्थिक अडचणीत सापडली आणि खेड्यापाड्यातील माणसाचा जवळचा आधार डळमळीत झाला. कांद्याचा भाव कोसळला किंवा ऐन काढणीच्या वेळी द्राक्षांवर गारपीट झाली, तर ठरलेल्या तारखेला हाती पैसा नसतो. मात्र पत्रिका वाटून झालेल्या असतात. मग पाय आपोआप सावकाराच्या दाराकडे वळतात.

कोठेच कर्ज न मिळण्याचे दुःख किती खोल असू शकते, हे मराठवाड्यातील एका घटनेने दाखवून दिले. एप्रिल २०१७मध्ये लातूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या एकवीस वर्षांच्या मुलीने आपले जीवन संपविले. सततची नापिकी आणि वडिलांना लग्नासाठी बँक वा सावकार कोणीही कर्ज देत नसल्याने दोन वर्षे रखडलेला विवाह, यांचा उल्लेख तिने मागे ठेवलेल्या चिठ्ठीत होता. हुंड्याची प्रथा थांबावी, हेही तिने लिहिले होते. हुंडा देणे आणि घेणे हा १९६१च्या कायद्यापासून गुन्हा आहे. तरीही ‘मानपान’ आणि ‘हौस’ अशी नावे धारण करून तो आपल्याही घरांत शिरतो, हे आपण नाकारू शकत नाही. आपल्या मुलीला आपण ओझे वाटतो आहोत, असे एकाही घरात घडू नये.

दोष केवळ उधळपट्टीचा नाही

गरिबाने लग्नात उधळपट्टी केली म्हणून तो बुडाला, असे म्हणणे सोपे आहे. हे मत जुनेच आहे. १८७५ साली पुणे आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला व कर्जाचे दस्तऐवज जाळले. त्याची चौकशी करणाऱ्या आयोगाने लग्नखर्चाचाही विचार केला. रयतेच्या कर्जबाजारीपणाचे कारण म्हणून लग्नखर्चाला अवाजवी महत्त्व दिले गेले आहे, असे मत आयोगाने नोंदविले. ऐपतीच्या मानाने हा खर्च जास्त दिसला, तरी असे प्रसंग आयुष्यात क्वचितच येतात, असे आयोगाचे म्हणणे होते. त्यानंतर १८७९मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला.

हा निष्कर्ष आजही विचारात घेण्यासारखा आहे. लग्न एकदा होते, व्याज दर महिन्याला येते. घराला बुडविते ते बहुधा घाईत, गुपचूप आणि कागदाविना घेतलेले कर्ज.

साधा हिशेब करून पाहू. शेकडा पाच रुपये दरमहा या दराने दोन लाख रुपये घेतले, तर महिन्याचे व्याज दहा हजार होते. वर्षाला एक लाख वीस हजार रुपये भरूनही मुद्दल जसेच्या तसे उरते. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ अन्वये परवानाधारक सावकारासाठी शासनाने ठरविलेले वार्षिक दर असे : शेतकऱ्यास तारणी कर्जावर ९ टक्के व विनातारण कर्जावर १२ टक्के, इतरांस तारणी कर्जावर १५ टक्के व विनातारण कर्जावर १८ टक्के. म्हणजे शेतकरी नसलेल्या माणसासही त्याच दोन लाखांवर विनातारण वार्षिक व्याज छत्तीस हजारांहून अधिक लावता येत नाही.

याच कायद्याने चक्रवाढ व्याजाला आणि मुद्दलापेक्षा अधिक व्याज वसूल करण्याला मनाई केली आहे. कोऱ्या कागदावर सही घेणे बेकायदेशीर आहे. विनापरवाना सावकारी करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सावकारीत बळकावलेली जमीन परत मिळविण्यासाठी, अर्जापूर्वीच्या पंधरा वर्षांतील व्यवहारांबाबत, जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करता येतो.

ख्रिस्तसभा काय मागते?

विवाहसंस्कारासाठी ख्रिस्तसभा फार थोडे मागते : मुक्त असलेल्या वधूवरांची स्वेच्छेने दिलेली संमती, अधिकृत धर्मगुरू आणि दोन साक्षीदार (कॅनन ११०८). गरिबीमुळे कोणीही साक्रामेंतांच्या साहाय्यापासून वंचित राहू नये, याची काळजी घेण्याचे कर्तव्य कॅनन ८४८ने धर्मसेवकांवर सोपविले आहे. मंडप, बँड, तीन प्रकारची मिष्टान्ने आणि पाचशे पाहुणे यांचा संस्काराच्या वैधतेशी काहीही संबंध नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१६च्या ‘आमोरिस लेतित्सिया’ या प्रबोधनपत्रात (क्र. २१२) लग्नाच्या तयारीत पैसा, शक्ती आणि आनंद सारेच खर्ची पडते, याकडे लक्ष वेधले आणि समाजाच्या दिखाऊपणापुढे न झुकता वेगळे वागण्याचे धैर्य दाखविण्याचे आवाहन तरुणांना केले.

त्याच वेळी गरिबाच्या लग्नाला हातभार लावणे हीदेखील ख्रिस्तसभेची जुनी रीत आहे. मायरा नगरीचे बिशप संत निकोलस यांनी एका निर्धन पित्याच्या तीन मुलींच्या विवाहासाठी रात्रीच्या अंधारात सोने टाकले, अशी परंपरागत कथा आहे. घेणाऱ्याची लाज राखली जावी म्हणून रात्र निवडलेली. रोममध्ये १४६० साली कार्डिनल हुआन दे तोर्केमादा यांनी गरीब मुलींच्या विवाहास साहाय्य करणारा भ्रातृसंघ स्थापन केला. दोनच वर्षांनी, १४६२ साली, इटलीतील पेरुजा येथे फ्रान्सिस्कन धर्मबंधूंच्या प्रेरणेने गरिबांना सावकाराच्या विळख्यातून सोडविणारी तारण-पेढी उभी राहिली. आपल्या महाराष्ट्रात वसई येथे १९१८ साली मोन्सिनियर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने कॅथॉलिक सहकारी पतसंस्था सुरू झाली. तीच आजची बसीन कॅथॉलिक बँक. श्रद्धावंतांनी एकत्र येऊन पैसा उभा करणे आपल्याला नवे नाही.

आपण काय करू शकतो?

बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असे प्रभू येशूने सांगितले आहे (लूक १४:२८). हा हिशेब सोयरीक ठरताच, दोन्ही घरांनी एकत्र बसून आणि वधूवरांना सोबत घेऊन करावा. लग्न दोन्ही घरांचे आहे. खर्चही दोघांनी वाटून घ्यावा. ऐन लग्नसराईच्या शनिवार-रविवारऐवजी मधल्या वारी सभागृह स्वस्त मिळू शकते. साखरपुडा घरच्या घरी करता येतो.

कर्ज अटळ असेल तर क्रम लक्षात ठेवावा. प्रथम स्वतःची बचत व भिशी. नोकरी असल्यास भविष्यनिर्वाह निधीतून विवाहासाठी रक्कम काढण्याची सोय आहे. तिचे नियम बदलत असतात, म्हणून कार्यालयात नीट चौकशी करावी. त्यानंतर बचत गट, पतसंस्था किंवा बँकेतील सोनेतारण. सोने गहाण ठेवताना मुदत चुकल्यास लिलाव होतो, हे विसरू नये. सावकाराकडे जाण्याची वेळ आलीच, तर त्याचा परवाना पाहावा, पावती घ्यावी आणि कोऱ्या कागदावर कदापि सही करू नये. कोणत्याही कर्जाचा हप्ता पीक बुडालेल्या वर्षीही भरता येईल का, हा प्रश्न स्वतःला आधी विचारावा.

धर्मग्रामाचीही जबाबदारी आहे. विवाहपूर्व मार्गदर्शनात पैशाच्या नियोजनाला एक तास द्यावा. चर्चचे सभागृह व भांडी गरजू कुटुंबांना नाममात्र दरात मिळावीत. संत विन्सेंट डी पॉल सोसायटीसारख्या मंडळांनी विवाहासाठी बिनव्याजी उसनवारीचा छोटा निधी उभारावा आणि त्याचा व्यवहार गुप्त ठेवावा. ज्यांची ऐपत आहे त्यांनी स्वतःच्या घरचे लग्न साधेपणाने केले, तर ते मोठेच दान ठरेल. कारण श्रीमंताने वाढविलेली पंगत पाहूनच गरीब आपला आकडा ठरवितो.

काना गावच्या लग्नघरी द्राक्षारस संपला, तेव्हा पवित्र मरियेने ती उणीव हेरली. तिने यजमानाला बोल लावला नाही, चारचौघांत वाच्यता केली नाही. जो काही करू शकत होता त्याच्या कानावर तिने गोष्ट घातली. आपल्या शेजारच्या घरी लग्न ठरले असेल, तर तेथे काय कमी पडते आहे हे कोणी सांगण्यापूर्वी आपल्या ध्यानात यावे, आणि ते पत्रिका छापण्यापूर्वी यावे.