पूल शाबूत हाती आला तर?

सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागलं की तासाभरात नळदुर्ग येतं. बोरी नदी ओलांडताना गाडीत निम्मे लोक पेंगत असतात. पण 13 सप्टेंबर 1948 च्या सकाळी, निजामाच्या हैदराबाद संस्थानावरच्या कारवाईत, इथला पूल भारतीय सैन्याच्या 7 व्या ब्रिगेडला हवा होता, आणि तोही धड. समोर निजामाची पहिली हैदराबाद इन्फंट्री. पूल उडवला गेला असता तर मागून येणारं चिलखती दळ काठावरच खोळंबलं असतं. झडप अशी पडली की पूल शाबूत मिळाला. शीख पलटण नळदुर्गवर चालून गेली, नऊ वाजता फौज जळकोटात होती आणि दुपारी सव्वातीनला उमरग्यात!

आता सांगा, ही सकाळ घरातल्या चटईवर, एका पुठ्ठ्यावर मांडायची तर किती नियम लागतील?

भाच्याला विचारलं, तर म्हणाला, "मामा, दोन! चालायचं आणि मारायचं." वाघ-शेळी खेळून वाढलेल्या पोराचं उत्तर आहे, चूक कसं म्हणू? पण जगात असेही लोक आहेत ज्यांनी याच प्रश्नाचं उत्तर जाडजूड फायलीत घातलंय. 1977 साली जॉन हिल यांचा ‘स्क्वॉड लीडर’ हा दुसऱ्या महायुद्धावरचा पटावरचा खेळ आला. शिकवायची युक्ती मोठी गोड होती. एकूण बारा लढाया. पहिलीपुरते नियम वाचा, खेळा, मग पुढचे नियम, पुढची लढाई. बाराखडीच म्हणा ना! मग पुरवण्या निघाल्या, नियमांवर नियम चढले, आणि 1985 साली सगळं नव्याने बांधून ‘ॲडव्हान्स्ड स्क्वॉड लीडर’ झालं. नियमावली कसली, कप्प्याकप्प्यांची फाईल ती. नवी पानं आली की तिच्यात अडकवायची. नवखा माणूस दारातूनच परत फिरायचा. शेवटी 2004 साली ‘स्टार्टर किट’, म्हणजे श्रीगणेशाचा संच, काढावा लागला. त्यात फक्त पायदळ आणि त्याच्या हातातली शस्त्रं. तोफा आल्या 2005 मध्ये, रणगाडे 2007 मध्ये.

गाळलं काय, हे कुणीही सांगेल. मला चकित केलं ते ठेवलं काय, याने.

आम्ही लग्नपत्रिकेच्या मागे षटकोनी घरं आखली, चिंचोके मांडले. मूळ खेळात नखाएवढे पुठ्ठ्याचे चौकोन असतात. एक चौकोन म्हणजे साधारण दहा सैनिक, एक घर म्हणजे 40 मीटर, एक डाव म्हणजे दोन मिनिटं. चौकोनावर तीन आकडे असतात, उदाहरणार्थ 4-6-7. पहिला माऱ्याचा, दुसरा पल्ल्याचा. आणि तिसरा? तो हिमतीचा! गोळीबार अंगावर आला की दोन फासे टाकायचे. बेरीज सात किंवा कमी आली तर तुकडी तगली, जास्त आली तर ती मोडली. दोन फाशांची दानं 36 तऱ्हांनी पडतात, त्यातली 21 सात किंवा त्याखालची. म्हणजे शंभरात साधारण 58 वेळा माणसं जागेवर टिकतात. आता सातचा आठ करा. दानं 26 होतात, टिकण्याची शक्यता 72 वर जाते. कवायतीने कसलेला शिपाई आणि काल बंदूक हाती आलेला पोरगा यांच्यातलं अंतर एका आकड्यात मावलं की नाही? आणि हा आकडा सोप्या संचातूनही काढलेला नाही. तो काढला तर चिंचोके मरतात, पण घाबरत नाहीत.

दुसरी गोष्ट त्याहून भारी. बुद्धिबळात तुम्ही घोडा उचललात की समोरचा मुकाट बसतो. वाघ-शेळीत शेळी सरकली की वाघ आपल्या पाळीची वाट बघतो, केवढा सभ्य! इथे तसं नाही. तुमची तुकडी उघड्या रानातून धावत निघाली की समोरचा तुमच्याच पाळीत, अध्येमध्ये, गोळी झाडू शकतो. शिवाय उघड्यावर आहात आणि पळताय, तर दोन्हींसाठी त्याच्या फाशातून एकेक वजा होतो; इथे कमी दान म्हणजे जास्त घात. उलट तुम्ही दगडी वाड्यात असाल तर त्याच्या फाशाला तीन जोडायचे. भाच्याचे तीन चिंचोके असे उघड्या घरात गेले, तेव्हा कुठे तो पुठ्ठ्यावर भिंत शोधायला लागला. कुणी शिकवलं नव्हतं.

डावाच्या आठ पायऱ्या असतात: मोडलेल्यांना सावरणं, मारा, हालचाल, प्रतिमारा असं करत शेवटी हातघाई. सोप्या संचातही त्या आठच्या आठ आहेत. देवळाची शिखरं उतरवली, गाभाऱ्याला धक्का नाही.

जुन्या प्रशियात तर उलटीच गंमत झाली. तिथे 1824 साली राइसवित्झ नावाच्या तरुण लेफ्टनंटने नकाशा, ठोकळे, फासे आणि कोष्टकं घेऊन युद्धखेळ मांडला. सेनाप्रमुख म्युफलिंग आधी थंडपणे बघत होते, मग म्हणाले, हा खेळ नव्हे, ही तर युद्धाची शाळा! पुढे नियम इतके साचले की 1876 साली फेर्डी द्यु फेर्न्वा या सेनापतीने बहुतेक कोष्टकं बाजूला सारली आणि निकाल अनुभवी पंचावर सोपवला. म्हणजे नियम कमी लागतात नवशिक्याला, आणि कमी लागतात मुरलेल्यालाही. मधल्यांनाच ती फाईल हवी असते. (मी मधला.)

मग पूर्ण नियमांत इतकं असतं तरी काय? रात्र, पाऊस, वारा, पसरणारी आग, कैदी, घोडे. एक एक कलम वाचताना वाटतं, हे कुणावर तरी खरंच गुदरलं असणार. नळदुर्गच्याच सकाळी तुळजापूरकडे गेलेल्या दुसऱ्या भारतीय तुकडीचं बघा. पहाटे ती पोचली, तर हैदराबादचे सैनिक आणि निजामाच्या बाजूने लढणारे सुमारे 200 रझाकार दोन तास लढून मग शरण आले. इथवर आमचे चिंचोके पुरले. पण तुकडी पुढे लोहाऱ्याकडे निघाली आणि अडली. शत्रू नव्हता, नदीला पाणी आलं होतं. सप्टेंबरातला मराठवाडा, दुसरं काय!

सोप्या संचाच्या पहिल्या पटावर पाणी चढत नाही. मोठ्या फायलीत मात्र ओढ्याच्या चार अवस्था दिल्यात: कोरडा, उथळ, खोल, दुथडी भरलेला. अमेरिकेत बसून लिहिलेलं कलम, आणि आमच्या लोहाऱ्याच्या वाटेला तंतोतंत लागू!

भाच्याला हे सांगितलं. तो उठला, निळा स्केचपेन घेऊन आला आणि पत्रिकेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक वाकडी रेघ ओढली. मग टोपण न लावता विचारलं, "मामा, पाणी किती धरायचं?"