‘बेस’ आपल्याला का अडवते?

शाळेच्या ग्रंथालयाची नोंदवही संगणकावर घ्यायची ठरली, की आपण बहुधा ‘कॅल्क’ उघडतो. तिथे कुणी अडवत नाही. मग एकच मुलगी कुठे ‘स्मिता कुलकर्णी’, तर कुठे ‘कुलकर्णी स्मिता’ होते आणि वर्षअखेरीस तिच्याकडे किती पुस्तके आहेत हे कळत नाही.

लिब्रेऑफिस या मोफत संचातलीच ‘बेस’ मात्र तक्ता जतन करतानाच विचारते : प्रायमरी की बनवू का? ही ‘की’ म्हणजे प्रत्येक नोंदीची स्वतंत्र खूण. हजेरी क्रमांक चालणार नाही, तो दरवर्षी बदलतो. जनरल रजिस्टरचा क्रमांक चालेल. ‘नको’ म्हटले, तर तक्ता तयार होतो, पण त्यात एकही नोंद भरता येत नाही! कारण बेस सांगते, पण तांत्रिक भाषेत. नवखा शिक्षक इथेच कंटाळतो. हा दोष माझ्या मते बेसच्या भाषेचा, अटीचा नव्हे.

कारण या खुणेवरच पुढचे सारे उभे आहे. विद्यार्थी, पुस्तके आणि देवघेव असे तीन तक्ते करा. देवघेवीत नावे नकोत; दोन क्रमांक आणि तारीख पुरे. तक्ते असे जोडण्याची कल्पना एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली.

आणि हो, नोंदी भरून झाल्यावर मूळ फाइलही आठवणीने जतन करा. वीज काही सांगून जात नाही.