उंचीच्या पट्टीचे वरचे टोक

गरोदर बाईची पहिली नोंदणी होते तेव्हा वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन यांच्याबरोबर तिची उंचीही कार्डावर लिहितात. उंची घेण्यामागे हेतू एकच असतो: १४० सेंटिमीटरच्या खालची बाई जोखमीची, तिचे बाळंतपण अडण्याची भीती जास्त. पट्टीच्या वरच्या टोकाकडे कुणी पाहत नाही. सडपातळ, लांब हातापायांची, बोटेही लांबसडक अशी पावणेसहा फुटी सून ‘अंगापिंडाने बरी’ म्हणून पुढे सरकते. महाधमनीचा फुगवटा गरोदरपणात वेळेवर सापडायचा असेल, तर शोध तिथूनच सुरू व्हायला हवा असे माझे म्हणणे आहे. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातले (गोमेकॉ) इको, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचे यंत्र कितीही चांगले असले, तरी उत्तर गोव्यातल्या लाटंबार्से गावातून त्याच्यापर्यंत कुणाला पाठवायचे हे यंत्र ठरवत नाही. ते ठरते रक्तदाबाचा पट्टा आणि उंचीची पट्टी हाताळणाऱ्या परिचारिकेच्या टेबलावर.

महाधमनी या हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीचा व्यास मुळाशी साधारण तीन सेंटिमीटर असतो. गरोदरपणात अंगातले रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढते, हृदयाला दर मिनिटाला बरेच जास्त रक्त ढकलावे लागते आणि संप्रेरकांमुळे धमनीच्या भिंतीची वीण सैल पडते. धडधाकट भिंत हे सोसते. मार्फान या आनुवंशिक विकारात, म्हणजे सुमारे पाच हजारांत एकाच्या बाबतीत, ती वीण जन्मतःच कच्ची असते आणि उंच, लांबोडा बांधा ही त्याचीच बाहेर दिसणारी खूण. अशा बाईची महाधमनी चार सेंटिमीटरच्या आत असेल तर ती फाटण्याचा धोका शंभरात एकीच्या आसपास मानतात. चारच्या पुढे गेली की तो दहाजणींपर्यंत चढतो. साडेचारच्या पुढे असेल तर दिवस राहण्याआधीच शस्त्रक्रियेचा विचार करावा असे हृदयरोगतज्ज्ञ सांगतात. बहुतेक धमन्या फाटतात त्या शेवटच्या तीन महिन्यांत किंवा बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांत. म्हणजे पहिल्या नोंदणीपासून हाताशी बराच वेळ असतो, आणि तोच वाया जातो.

उंचीने सगळे सापडत नाही, हे मान्य. आपल्याकडे तरुण बायकांत आढळणारा ताकायासू हा धमनीदाह कुठल्याही बांध्याच्या बाईला होतो. १९०८ साली जपानी नेत्रवैद्य मिकितो ताकायासू यांनी तो प्रथम नोंदवला. यात महाधमनी आणि तिच्या फांद्या कुठे आक्रसतात, तर कुठे फुगतात. भारतीय रुग्णांत पोटातला भाग आणि मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या धमन्या बऱ्याचदा त्याच्या तावडीत सापडतात, म्हणून रक्तदाब चढतो. पण एका हाताची धमनी आक्रसलेली असली, तर त्या हाताचा आकडा खोटाच कमी येतो आणि कार्डावर सगळे आलबेल दिसते. दुसऱ्या हातालाही पट्टा बांधायला दोन मिनिटे लागतात. शिवाय गरोदरपणामुळे वाढणारा रक्तदाब सहसा विसाव्या आठवड्यानंतरचा. त्याआधीच तो वाढलेला सापडला, तर गोळी देऊन न थांबता कारण शोधायला हवे.

तिसरी गोष्ट विचारण्याची. ‘घरात कुणाला हृदयाचा आजार?’ या प्रश्नाला उत्तर ‘नाही’ येते, कारण गावात बसल्या जागी गेलेला प्रत्येक माणूस ‘अटॅकने गेला’ म्हणून मिटलेला असतो. प्रश्न असा हवा: पन्नाशीच्या आत अचानक कोण गेले? तोही सासूला विचारून भागत नाही. लाटंबार्सेची सून दोडामार्गची किंवा पेडण्याची असू शकते. बापाचे, मामाचे मरण तिच्या आईला ठाऊक. दोडामार्ग महाराष्ट्रात आहे, तिथे वाडीवाडीतली माहिती असलेली आशा सेविका असते. गोव्यात आशा योजना नाही. पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी गेली की राज्य बदलते, दवाखाना बदलतो आणि तिच्याबरोबर जाते ते फक्त कार्ड. संशय त्यावर लिहिलेला नसेल, तर पलीकडच्या डॉक्टरला तो कळणार कुठून?

यावर पहिला आक्षेप येतो तो रक्तक्षयाचा. पांडुरोगाने आणि रक्तस्रावाने बायका दगावत असताना हजारोंत एकीला होणाऱ्या आजाराची चर्चा कशाला? आक्षेप खरा आहे. पण मी नवी मोहीम मागत नाही. उंची, रक्तदाब, घरची माहिती हे सगळे आधीच घेतले जाते, मी फक्त त्याचे वाचन बदलायला सांगतो आहे. दुसरा आक्षेप भीतीचा: प्रत्येक उंच मुलीला धास्ती घालायची का? नुसती उंची असेल तर नाही. उंचीबरोबर लांब बोटे, वाकडा पाठकणा, डोळ्यातले भिंग सरकलेले किंवा घरात अचानक मृत्यू असे काही असेल, तरच इको. त्याला सुई नाही, क्ष-किरण नाहीत. दर महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी २०१६ पासून होते. त्या दिवशी जोखमीच्या बायकांच्या लाल खुणेच्या यादीत एखादे नाव वाढले तर फार बिघडत नाही. फुगवटा सापडून उपयोग काय, हा तिसरा आक्षेप मात्र अज्ञानातून येतो. लोसार्टनसारखे औषध चालू असेल तर ते बाळासाठी घातक म्हणून थांबवतात, लॅबेटालॉल किंवा मेटोप्रोलॉलने नाडी आणि दाब आवरतात, ठरावीक आठवड्यांनी इको करतात. प्रसूती कळा सोसून की शस्त्रक्रियेने, हे व्यासावर ठरते, आणि ती हृदयशस्त्रक्रियेची सोय असलेल्या इस्पितळात ठेवतात.

न सापडलेल्या बाईचे काय होते? छातीत किंवा दोन खवाट्यांच्या मधे अचानक कापल्यासारखे दुखते आणि घरचे पित्त म्हणून सोडा देतात. गोव्यात हृदयविकाराच्या झटक्यासाठीच्या स्टेमी प्रकल्पामुळे तालुक्याच्या केंद्रातला ईसीजी गोमेकॉपर्यंत पोचतो, ही मोठीच सोय. पण ईसीजी साधा आला म्हणून महाधमनी शाबूत आहे असे होत नाही. उलट तो झटक्यासारखा दिसला आणि रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध दिले गेले, तर फाटलेल्या धमनीत ते जीवघेणे ठरते. ब्रिटनमधल्या मातामृत्यूंच्या चौकशी अहवालांनी वारंवार दाखवले आहे की दुखणे घेऊन आलेली बाई तपासणीशिवाय परत पाठवली गेली. गरोदर बाईला मॉर्फिन लागावे इतके दुखत असेल, तर सीटी स्कॅन टाळू नये. छातीच्या स्कॅनमधून बाळाला पोचणारा किरणोत्सर्ग अगदी थोडा असतो.

बाळंतीण घरी आल्यावर दाब मोजायला कुणी तरी जायलाच हवे, कारण धोका तेव्हा संपलेला नसतो. आणि आईला मार्फान असेल तर बाळाला तो असण्याची शक्यता निम्मी. त्यामुळे तिच्या कार्डावरची नोंद बाळाच्या कार्डावरही उतरवावी आणि तिच्या भावाबहिणींनाही इकोला बोलवावे, मग ते दोडामार्गला राहत असोत की डिचोलीला.