काडतुसांतील गोळीबदल
लष्करी वापरासाठी बनविलेल्या रायफल काडतुसातील मूळ गोळी उपसून तिच्या जागी अधिक काटेकोर घडणीची गोळी बसविण्याची क्रिया. पितळी पुंगळी, तिच्या बुडातील पेटती टोपी व धूरहीन दारू ही तशीच ठेवली जातात. काडतुसाच्या चार घटकांपैकी केवळ एक बदलून अचूकतेत लक्षणीय वाढ होते, ही गोष्ट प्रथमदर्शनी आश्चर्याची वाटते. तिचे कारण गोळीच्या घडणीत सापडते.

अमेरिकेत नेमबाजीच्या राष्ट्रीय स्पर्धा १९०३ साली सुरू झाल्या व १९०७ पासून त्या ओहायओ राज्यातील कँप पेरी येथे भरू लागल्या. लष्करी रायफल आणि लष्करी काडतूस हाच त्यांचा पाया असल्यामुळे नागरी नेमबाजांच्या मंडळांनाही शिलकी काडतुसे स्वस्तात मिळत. १९६० नंतरच्या काळात ७·६२ × ५१ मिमी. मापाचे ‘एम ११८’ हे खास स्पर्धेसाठी काढलेले काडतूस प्रचारात आले. त्यात सु. ११·२ ग्रॅ. वजनाची, संपूर्ण आवरणाची गोळी असे. तिचा दर्जा सर्व खेपांत सारखा नसे. म्हणून अनेक स्पर्धक ती उपसून सिएरा या कंपनीची १०·९ ग्रॅ. वजनाची स्पर्धेची गोळी बसवू लागले. या मिश्र काडतुसाला ‘मेक्सिकन मॅच’ असे नाव पडले. त्यात शेजारच्या देशाविषयीचा हिणकस विनोद आहे, शास्त्रीय अर्थ काहीही नाही. पण संज्ञा रूढ झाली आहे.

लष्करी गोळीचे आवरण टोकाकडे बंद व बुडाकडे उघडे असते. शिशाचा गाभा मागून दाबून भरतात आणि आवरणाची कड आत वळवितात. परिणामी बुडाची कड सर्व बाजूंनी सारखी राहीलच असे नाही. स्पर्धेच्या गोळीचे आवरण याउलट बुडाकडे अखंड असते, गाभा पुढून भरला जातो आणि टोकाशी बारीक छिद्र उरते. नळीच्या तोंडातून सर्वांत शेवटी बाहेर पडते ते गोळीचे बूड. त्या क्षणी दाबाखालचे वायू बुडाच्या कडेभोवतून निसटतात. कड एका बाजूस किंचित आखूड असेल, तर वायू तेथून आधी सुटतात व गोळीला तिरका धक्का बसतो. फ्रँक्लिन डब्ल्यू. मॅन या अमेरिकन डॉक्टरांनी अनेक वर्षे गोळ्या मुद्दाम विद्रूप करून त्या झाडून पाहिल्या आणि आपले निष्कर्ष १९०९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. टोकातील दोषापेक्षा बुडातील दोष कितीतरी अधिक घातक ठरतो, असे त्यांना आढळले.

दुसरा दोष असमतोलाचा. आवरणाची जाडी एका बाजूस अधिक असल्यास गोळीचा गुरुत्वमध्य तिच्या भौमितिक अक्षावर राहत नाही. नळीत असेतो आटे गोळीला भौमितिक अक्षाभोवती फिरण्यास भाग पाडतात. बाहेर पडताच ती गुरुत्वमध्याभोवती फिरू लागते आणि गोफणीतून सुटलेल्या दगडाप्रमाणे तिला आडवा वेग मिळतो. ३०·५ सेंमी. अंतरात एक फेरा असलेल्या नळीतून सेकंदाला ७९० मी. वेगाने सुटणारी गोळी सेकंदाला सु. २,६०० फेरे घेते. गुरुत्वमध्य अक्षापासून अवघा ०·०१ मिमी. ढळला असेल, तर आडवा वेग सेकंदाला सु. १६ सेंमी. होतो. ३०० मी. अंतर तोडण्यास सु. ०·४३ सेकंद लागतो. तेवढ्यात गोळी जवळजवळ ७ सेंमी. बाजूस जाते. आंतरराष्ट्रीय स्पर्धांतील ३०० मी. लक्ष्यफलकावर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १० सेंमी. असतो. अर्थात नेम अगदी मध्यावर असूनही गोळी त्या वर्तुळाबाहेर पडू शकते. शिवाय जड बाजू सुटतेवेळी वर असेल की खाली, हे प्रत्येक गोळीगणिक बदलत असल्याने रायफलची दर्शिका हलवून हा दोष घालविता येत नाही.

लष्करी काडतूस कमी अचूक असणे हा कारखान्याचा गलथानपणा मानू नये. उष्णतेत, चिखलात व स्वयंचलित शस्त्रात ते बिनचूक उडावे, हे तेथे पहिले उद्दिष्ट असते. त्यासाठी पुंगळीचे तोंड डांबरासारख्या द्रव्याने लिंपलेले व गोळीवर आवळलेले असते. हा चिकटा प्रत्येक काडतुसात सारखा नसल्याने गोळी सुटण्यास लागणारे बलही कमीजास्त होते. गोळी उपसताना तो मोडतो, हा गोळीबदलाचा आनुषंगिक फायदा होय. दारूच्या मापातील फरक मात्र तसाच राहतो. म्हणून निवडक घटकांपासून भरलेल्या काडतुसाची बरोबरी या मार्गाने साधत नाही.

या पद्धतीतील खरा धोका वजनाचा आहे. दारूचे माप मूळ गोळीसाठी ठरविलेले असते. ‘एम ११८’ मध्ये नवी गोळी मूळ गोळीहून हलकी असल्याने दाब वाढण्याचे मुख्य कारण उरत नसे. सामान्य लष्करी ‘एम ८०’ काडतुसातील गोळी सु. ९·५ ग्रॅ. असते, तिच्या दारूवर १०·९ ग्रॅ. ची गोळी बसविल्यास दाब धोक्याच्या पातळीपर्यंत चढून रायफलीचा खटका व चालविणाऱ्याचा चेहरा दोन्ही संकटात येऊ शकतात. नावांवरूनही फसगत होते. ७·६२ × ५१ मिमी. काडतुसाच्या गोळीचा व्यास ७·८२ मिमी., तर त्याच आकड्याने ओळखल्या जाणाऱ्या रशियन ७·६२ × ५४ मिमी. काडतुसाच्या गोळीचा सु. ७·९ मिमी. असतो. जुन्या साठ्यातील दारू विघटित झालेली असण्याचा संभव वेगळाच.

टोकाशी छिद्र असलेल्या गोळीमुळे एक कायदेशीर प्रश्नही उद्‌भवला. कोलकात्याजवळील डमडम येथे तयार झालेल्या, शरीरात पसरणाऱ्या गोळ्यांवरून वाद माजून १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने अशा गोळ्या युद्धात निषिद्ध ठरविल्या होत्या. स्पर्धेच्या गोळीतील छिद्र पसरण्यासाठी ठेवलेले नसून घडणीच्या पद्धतीतून उरलेले असते. तरीही १९८० च्या सुमारास सिएराचीच गोळी घालून अमेरिकन सैन्याने काढलेल्या ‘एम ८५२’ काडतुसांच्या खोक्यांवर ती युद्धात वापरू नयेत असे छापलेले असे. १९९० मध्ये सैन्याच्या विधिविभागाने या गोळ्या निषिद्ध नसल्याचा अभिप्राय दिला व पुढे ११·३ ग्रॅ. ची तशीच गोळी लांब पल्ल्याच्या लष्करी काडतुसात आली. कारखान्यातूनच चांगली गोळी मिळू लागल्यावर ‘मेक्सिकन मॅच’ची गरज उरली नाही. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ मधील दारूगोळ्याच्या व्याख्येत काडतुसांचे सुटे भागही येतात व परवान्यावाचून दारूगोळा बनविणे हा गुन्हा असल्याने येथील नेमबाजांत ही पद्धत रुजलेली नाही.