सिस्टरच्या कंबरेचे दुखणे नशिबाचे नव्हे

सिमेंटच्या पोत्यावर 50 किलो असे छापलेले असते. हमाल ते पाहूनच पाठ देतो. खाटेवरच्या रुग्णावर मात्र वजन लिहिलेले नसते. त्याला उचलणारी सिस्टर, आया किंवा वॉर्डबॉय पुढे घरी येऊन कंबरेला बाम चोळतात. ‘बाईमाणसाची कंबर दुखायचीच’ म्हणून घरचेही विषय सोडून देतात. आमचे म्हणणे असे की, हे दुखणे कामाचे आहे आणि ते टाळता येते.

महाराष्ट्रात ग्रामीण रुग्णालय साधारण 30 खाटांचे असते. मुरगूडसारख्या गावी अशाच दवाखान्यावर भोवतालच्या खेड्यांची भिस्त असते. लकवा झालेल्या माणसाला कुशीवर वळवायचे, खुब्याचे हाड मोडलेल्या आजीला स्ट्रेचरवर घ्यायचे, ही कामे बहुधा हातानेच होतात.

आपल्याकडच्या बाया उसाची मोळी डोक्यावर नेतात. ती घट्ट बांधलेली असते, तिचा तोल साधता येतो. माणूस मात्र मध्येच निसटतो, घाबरून गळ्याला मिठी मारतो. त्याला वाकून, हात लांब करून, कंबर पिळून उचलावे लागते. ओझे अंगापासून जितके दूर, तितका मणक्यांमधल्या गादीवर ताण जास्त. हा ताण रोजचा झाला की एखाद्या दिवशी गादी सरकते.

अमेरिकेतील संशोधक थॉमस वॉटर्स यांनी 2007 साली हिशेब मांडला. सर्व काही अनुकूल असले तरी एकाने हाताने रुग्णाचा सुमारे 16 किलोहून अधिक भार घेऊ नये. आता 60 किलोचा माणूस दोघींनी उचलला, तरी एकीच्या वाट्याला 30 किलो येतात. म्हणून ‘गुडघ्यात वाकून उचला’ एवढे शिकवून भागत नाही. साधनच हवे. ब्रिटनमध्ये 1993 पासून धोक्याचे ओझे हाताने उचलणे शक्य तेथे टाळण्याची जबाबदारी मालकावर आली. टेक्सास राज्याने 2005 साली खास रुग्णालयांसाठी कायदा केला.

साधने फार अवघड नाहीत. गुळगुळीत सरकती चादर रुग्णाखाली घातली की त्याला न उचलता सरकवता येते. खाटेवरून खुर्चीत नेण्यासाठी सरकफळी असते. अजिबात हालचाल नसलेल्यासाठी झोळी लावलेले चाकांचे उचलयंत्र असते. त्याचा दांडा हाताने पंप केला की माणूस अलगद वर येतो. रुग्णालाही हिसका बसत नाही.

रुग्ण घरी आला की हेच काम सुनेवर, मुलीवर येते. त्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. खाट कंबरेच्या उंचीची असावी. लकवा झालेला हात धरून ओढू नये, खांदा निखळतो. रुग्णाला जेवढे स्वतः करता येईल तेवढे करू द्यावे. तो पडला तर एकटीने उचलू नये, शेजाऱ्यांना हाक मारावी.

सरकारी दवाखान्यांत रुग्ण कल्याण समित्या आहेत. कर्मचारी भगिनींनी आणि गावकऱ्यांनी मिळून त्यांच्याकडे लेखी अर्ज द्यावा. आधी सरकत्या चादरी मागाव्यात, मग उचलयंत्र. कंबर दुखावली तर त्याच दिवशी वरिष्ठांना लेखी कळवून पोच घ्यावी. नोंदच नसेल, तर उद्या ही इजा कामावर झाली हे सिद्ध करणे कठीण जाते.